शवासन

शवासन (संस्कृत: शव + आसन) किंवा मृतासन हे हठयोगातील पाठीवर निजून करावयाचे विश्रांतिकारक आसन आहे. या आसनात शरीर प्रेतासारखे निश्चल व शिथिल ठेवले जाते. चित्त मात्र जागृत असते. योगाभ्यासाच्या शेवटी ते बहुधा केले जाते. नावातील मृत्यूच्या प्रतिमेमुळे या आसनाला मृत्युचिंतनाचा अर्थही दिला जातो. हठग्रंथांनी मात्र त्याचे फळ श्रमपरिहार आणि चित्ताची विश्रांती असेच सांगितले आहे.

ग्रंथांतील उल्लेख

पतंजलीच्या योगसूत्रांत शवासनाचे नाव येत नाही. तेथे आसन स्थिर व सुखकर असावे एवढेच सांगितले असून, प्रयत्न सैल होण्याने आणि चित्त अनंताशी एकरूप होण्याने ते सिद्ध होते, असे म्हटले आहे. ‘प्रयत्नशैथिल्य’ ही संकल्पना शवासन समजून घेण्यास विशेष उपयुक्त ठरते.

तेराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ या ग्रंथात प्रेतासारखे जमिनीवर उताणे निजणे हा लययोगातील, म्हणजे चित्ताचा लय साधण्याचा, एक उपाय म्हणून येतो. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांच्या ‘हठयोगप्रदीपिके’त त्याची गणना आसनांत झाली. ‘घेरंडसंहिते’तील 32 आसनांतही ते ‘मृतासन’ या नावाने आढळते. अशा रीतीने मूळच्या ध्यानोपायाला पुढे आसनाचे स्थान मिळाले.

कृती

साधक उताणा निजतो. पायांत थोडे अंतर ठेवून पावले बाहेरच्या बाजूस सैल सोडली जातात. हात शरीरापासून किंचित दूर, तळवे वर आणि डोळे मिटलेले असतात. नंतर पायांच्या बोटांपासून मस्तकापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेऊन तेथील ताण सोडला जातो. श्वास मुद्दाम लांबवला जात नाही. त्याच्या स्वाभाविक येण्याजाण्याकडे केवळ पाहिले जाते. आसन सोडताना प्रथम बोटे हलवून, कुशीवर वळून सावकाश उठतात.

मानसिक अर्थ

इतर आसनांत शरीराचा तोल किंवा ताण मनाला गुंतवून ठेवतो. शवासनात असे कोणतेही काम उरत नाही. त्यामुळे एरवी हालचालीखाली दबलेले विचार, चिंता आणि आठवणी स्पष्टपणे जाणवू लागतात. नवशिक्यास मन अधिकच अस्वस्थ झाल्यासारखे वाटते, ते यामुळेच. विचारांना हाकलण्याचा यत्न केल्यास तोही एक प्रयत्नच ठरतो. म्हणून त्यांची नोंद घेऊन लक्ष पुन्हा श्वासावर आणणे, एवढेच अपेक्षित असते.

शवासन म्हणजे झोप नव्हे. पतंजलीने निद्रेलाही चित्ताची एक वृत्ती मानले आहे. त्या दृष्टीने झोप लागणे ही थकव्याची स्वाभाविक परिणती असली, तरी या अभ्यासाचे उद्दिष्ट नाही. एका बाजूला झोप आणि दुसऱ्या बाजूला विचारांचा विक्षेप, यांच्या मधली सजग स्थिती टिकवणे हे या आसनातील खरे कौशल्य होय. पुण्यातील योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी 1966 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, वरकरणी सोपे दिसणारे हे आसन साध्य करण्यास अतिशय कठीण असल्याचे म्हटले आहे.

आध्यात्मिक अर्थ

शवासनाच्या आध्यात्मिक अर्थात तीन सूत्रे प्रामुख्याने दिसतात. पहिले, कर्तेपणाचा त्याग: काही करणे, मिळवणे किंवा सुधारणे हा आग्रह काही काळ बाजूला ठेवला जातो. दुसरे, साक्षीभाव: देह निश्चल असतानाही त्याला जाणणारी जाणीव कायम असते, याकडे लक्ष वळते. तिसरे, मृत्यूचे स्मरण: ज्या देहाला आपण ‘मी’ म्हणतो तो एक दिवस असाच पडून राहणार आहे, या विचाराने देहाविषयीची आसक्ती सैल होते, असे मानले जाते.

या तिसऱ्या सूत्राशी जुळणारा प्रसंग रमण महर्षींच्या चरित्रात आढळतो. 1896 साली मदुराई येथे, वयाच्या सोळाव्या वर्षी, मृत्यूच्या अकस्मात भयाने ग्रासले असता ते प्रेतासारखे ताठ निजले आणि देह मेल्यावर ‘मी’ मरतो काय, याचा त्यांनी शोध घेतला. हा आत्मविचाराचा अनुभव होता, आसनाचा अभ्यास नव्हे; तरीही देहाची निश्चलता आणि जागृत जाणीव यांचे नाते त्यातून स्पष्ट होते. मराठी संतपरंपरेत संत तुकारामांनी एका अभंगात स्वतःचे मरण पाहिल्याचा अनुभव आनंदाचा म्हणून वर्णिला आहे.

तांत्रिक परंपरेतील शवसाधना हा प्रत्यक्ष प्रेताशी संबंधित असा वेगळा विधी असून तिचा शवासनाशी घोटाळा करू नये.

आधुनिक काळ

स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून योगक्रियांच्या शास्त्रीय अभ्यासास चालना दिली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेला शवासनाचा अभ्यास 1969 साली प्रसिद्ध झाला. स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी रूढ केलेली योगनिद्राही सामान्यतः शवासनातच केली जाते.

मर्यादा

कंबरदुखी असल्यास गुडघ्यांखाली उशी घेतली जाते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे निजण्याऐवजी कुशीवर निजण्याचा सल्ला दिला जातो. तीव्र मानसिक आघात अनुभवलेल्या व्यक्तींना डोळे मिटून निश्चल राहणे त्रासदायक ठरू शकते. अशा वेळी डोळे उघडे ठेवता येतात किंवा बसून अभ्यास करता येतो. शवासन हे औषधोपचारांना पर्याय नाही.

हे सुद्धा पहा

योगनिद्रा
प्रत्याहार
मकरासन
हठयोगप्रदीपिका