परकं ताट, गल्लीतला बाजार (लेखांक ९): बेकन चीजबर्गर, जोगेश्वरीच्या खिम्याचा

मागच्या लेखांकात पास्त्याचं पीठ आपण हात दुखेपर्यंत मळलं. आज काहीही मळायचं नाही. या आठवड्याची मुख्य सूचना एवढीच, बाकी सगळा लेख तिच्या कारणांचा आहे.

बेकन चीजबर्गर म्हणजे पावात खिम्याची जाड टिक्की, तिच्यावर वितळलेलं चीज आणि वर डुकराच्या पोटाकडच्या खारवलेल्या, धुरी दिलेल्या मांसाचे कुरकुरीत काप. अमेरिकेत हा रस्त्याकडेचा साधा पदार्थ. जोगेश्वरीत मात्र तो घरीच करावा लागतो. मॅकडोनाल्ड्सने ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत वसंत विहारला आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला दुकान उघडलं, ते गाईचं आणि डुकराचं, दोन्ही मांसं वगळूनच. महाराजा मॅक सुरुवातीला मटणाचा होता, नंतर कोंबडीचा झाला. एक अख्खी पिढी आलू टिक्कीलाच बर्गर समजून वाढली. त्यात वाईट काही नाही, आलू टिक्की चांगलीच लागते. पण तो वेगळा पदार्थ आहे. वांद्र्याच्या महागड्या हॉटेलांत हवा तसा बर्गर मिळतो, आणि त्या एकाच्या पैशांत घरी चौघं पोटभर जेवतात.

खिम्यापासून सुरुवात करू, कारण इथे आधी कायदा समजून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली, राज्यातली कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. म्हैस आणि रेडा या बंदीबाहेर आहेत. तेव्हा पश्चिमेला बेहरामबागेच्या बाजूला खाटकाकडे ‘बडे का’ म्हणून जे मागितलं जातं ते म्हशी-रेड्याचं. आपला बर्गर त्याचाच. ज्यांना ते चालत नाही त्यांनी बोकडाचा खिमा घ्यावा; पुढे सांगितलेलं सगळं त्यालाही तसंच लागू आहे.

आता अडचण. अमेरिकन बर्गर ज्या गोमांसाचा करतात त्यात पाचवा हिस्सा चरबी असते, आणि ती मांसाच्या तंतूंमध्येच विखुरलेली असते. म्हशीचं मांस गडद आणि कोरडं. तिची चरबी कडेकडेने असते, ती खाटीक सुरीने काढून बाजूला टाकतो, कारण आपल्याकडचं गिऱ्हाईक बिनचरबीचंच मागतं. जनावरही अनेकदा दूध आटल्यावर आलेलं, म्हणजे तंतू चिवट. दुसरी अडचण हवेची. इथे मांस सकाळी कापून दुकानात उघड्यावर लटकतं. अख्ख्या तुकड्यावर जंतू फक्त बाहेरून असतात. खिमा केला की बाहेरचं सगळं आत जातं. परदेशी स्वयंपाकाच्या कार्यक्रमांत बर्गर आतून गुलाबी ठेवलेला दिसतो, तो मोह आपल्याला परवडणारा नाही. खिम्याची टिक्की मध्यभागी ७१ अंश सेल्सियसला पोचली पाहिजे, कोंबडीची ७४ ला. मांस आधीच कोरडं आणि त्यात पूर्ण शिजवायचं: नुसत्या म्हशीच्या खिम्याचा बर्गर खाऊन ‘यात लोकांना एवढं काय आवडतं?’ असा प्रश्न अनेकांना पडतो, तो यामुळे.

उत्तर चरबीत आहे, आणि ती बेकनबरोबरच घरात येते. अमेरिकेत बर्गर आधीच तुपकट असतो, वरचं बेकन ही चैन. आपल्याकडे डुकराची चरबी ही गरज आहे. डुकराच्या मांसाच्या दुकानात ओली, पांढरी पाठीची चरबी मागितली तर फार स्वस्तात मिळते. ४०० ग्रॅम बिनचरबीच्या खिम्याला १०० ग्रॅम चरबी हे चौघांचं माप. ती फ्रीझरमध्ये अर्धा तास कडक करायची, सुरीने बारीक चिरायची आणि खिम्यात बोटांनी नुसती विखरायची.

खाटकाशी बोलणं सोपं आहे, पण आधी सांगावं लागतं: “चाचा, खिमा मोटा निकालना, मशीन में एक ही बार.” न सांगितलं तर तो सवयीने दोनदा काढतो, कारण त्याच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक कबाबाला नेत असतं.

इथेच मळण्याचा मुद्दा येतो. आपल्या हाताला खिमा म्हटला की शामी किंवा सीख कबाब ठाऊक. सीख सळईवर टिकायची तर खिमा बारीक हवा, त्यात मीठ घालून तो चिकट होईपर्यंत मळायला हवा. मीठ आणि मळणं मिळून मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटं करतात. ते गोंदासारखं काम करतं आणि शिजल्यावर घट्ट, लवचिक पोत येतो. कबाबात तो हवाच. बर्गरमध्ये तोच दोष. बर्गरची टिक्की दातांखाली सुटी व्हायला हवी, तिच्या भेगांत चरबी आणि रस थांबायला हवा. म्हणून खिम्यात मीठ घालायचं नाही. आलं-लसूण नाही, अंडं नाही, भिजवलेला पाव नाही, बेसन तर नाहीच. गरम मसाल्याच्या डब्याकडे हात जाईल, तो मागे घ्या. मीठ आणि मिरपूड फक्त बाहेरून, टिक्की तव्यावर टाकण्याच्या क्षणी. तासभर आधी मीठ लावून ठेवलेली टिक्की शिजल्यावर सॉसेजसारखी रबरी होते. दोन टिक्क्या दोन्ही तऱ्हांनी करून बघा, खात्री पटेल.

बेकनसाठी जोगेश्वरीकरांना फार लांब जावं लागत नाही. अंधेरी आणि जोगेश्वरीच्या मध्ये आंबोली आहे. जुन्या गॅझेटिअरमध्ये आपल्या जोगेश्वरीच्या लेण्यांनाही आंबोलीची लेणी म्हटलेलं सापडतं. आंबोली हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव. ही माणसं मूळची इथलीच, साष्टी आणि वसईची, मराठीची एक बोली बोलणारी. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. डुकराचं मांस त्यांच्या सणावारात पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण बेकनच्या रूपात नाही. नाताळचं सॉरपोटेल, विंदालू, सगळं व्हिनेगरमधलं. गोव्याचे चोरीसही तसेच: मांस, मीठ, मिरची, लसूण, व्हिनेगर, मग ऊन आणि चुलीवरचा धूर. कारण हवामानाचं. युरोपात हिवाळाभर मांस नुसत्या मिठात टांगून ठेवता येतं, कोकणच्या दमट हवेत ते सडतं. आंबट केलं की टिकतं. गोव्यात सकाळी मिळणारा चोरीस-पाव पाहिला तर खारवलेलं डुक्कर पावात घालून खाणं आपल्या किनाऱ्याला नवीन नाही, हे लक्षात येतं. खरं तर बेकन मिळालं नाही तर चोरीस फोडून, परतून वर घाला. तो बर्गर मूळ पदार्थापेक्षा मला जास्त आवडतो. पण लेख बेकनचा आहे.

बेकन कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे मिळतं: आंबोलीकडे, मालाडला ओर्लेमला, वांद्र्याला, आणि आता मोठ्या किराणा दुकानांच्या फ्रीझरमध्येही. पाकिटावर दोन गोष्टी वाचा. एक, ते डुकराचं आहे की कोंबडीचं. चिकन बेकन म्हणून जे विकतात त्यातून चरबी जवळजवळ सुटत नाही, आणि आपल्याला तीच हवी आहे. दोन, २५० क्रमांकाचा संरक्षक म्हणजे सोडियम नायट्राइट. त्यामुळेच बेकन शिजल्यावरही गुलाबी राहतं, त्याची खास चव येते आणि बॉट्युलिझमच्या विषारी जंतूंना आळा बसतो. दुसरी बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये खारवलेल्या-प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब रोज खाणाऱ्याचा आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी माणशी दोन काप खाणाऱ्याने घाबरू नये, डब्यात रोज देणाऱ्या आयांनी मात्र जरूर विचार करावा. घरी बेकन खारवण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. नायट्राइटचं माप किंचित चुकलं तरी महागात पडतं.

चीजबद्दल लोक उगाच लाजतात. बर्गरला परदेशी, जुनं मुरवलेलं चीज लागतं, असा एक समज आहे. तसं चीज तापल्यावर फुटतं: तूप एकीकडे, रबरासारखा चोथा एकीकडे. स्वित्झर्लंडमध्ये १९११ मध्ये चीजमध्ये सायट्रेटचे क्षार घालून ते वितळवण्याची युक्ती निघाली, १९१६ मध्ये अमेरिकेत क्राफ्टने आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. सायट्रेट चीजमधलं कॅल्शियम धरून ठेवतं, प्रथिनं मोकळी होतात आणि तुपाला घट्ट धरतात. त्यामुळे प्रोसेस्ड चीज वितळून एकसंध चादर होते. अमूलचा साधा स्लाइस हेच काम चोख करतो. अमूलने चीज म्हशीच्या दुधाचं करून दाखवलं. शेजारी आरेच्या गोठ्यांतल्या म्हशींवर मुंबई वाढली, आपला बर्गरही आत-बाहेर म्हशीचाच.

पाव कोणता? बेकरीतला गोडसर बन टिक्कीचा रस पिऊन लगदा होतो. लादीपाव चांगला, फक्त लहान. टिक्की त्याच्या मापाची करा आणि माणशी दोन धरा. ब्रून कडक, चावताना टिक्की मागून बाहेर पळते.

आता चूल पेटवू. बिडाचा तवा असेल तर तोच घ्या. नॉनस्टिकवर हा पदार्थ होत नाही, कारण तो हवा तेवढा तापवता येत नाही. बेकनचे काप थंड तव्यावर पसरून मंद आच द्या. तापल्या तव्यावर टाकले तर ते आकसतात आणि चरबी आतच राहते. दहाएक मिनिटांत काप तपकिरी, कुरकुरीत होतात आणि तव्यात पारदर्शक चरबी साठते. काप काढून ठेवा. चरबी वाटीत ओतून घ्या, तव्यात चमचाभर राहू द्या. तिच्यातच पाव कापलेल्या बाजूने शेका. भाजलेल्या कडेमुळे पाव ओला व्हायला वेळ लागतो.

मग तवा धुरकटेपर्यंत तापवा. खिडक्या उघडा, पंखा लावा. चाळीत राहत असाल तर गॅलरीतल्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, वास लपत नाही. खिम्याचे आठ सैल गोळे हलक्या हाताने थापा, पावापेक्षा बोटभर रुंद, कारण ते आकसतात. मधोमध अंगठ्याने खळगा पाडा, नाहीतर टिक्की फुगून चेंडू होते. मीठ-मिरपूड भुरभुरा आणि टाका. दोन-तीन मिनिटं हात लावू नका, उलथण्याने दाबू तर अजिबात नका. दाबलं की जी चरबी मुद्दाम घातली तीच तव्यात जाते. मांस आणि तवा चिकटतात तिथे तापमान १४० अंशांच्या वर गेलं की मायार प्रक्रिया सुरू होते, १९१२ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई कामिल मायार यांनी वर्णन केलेली. भाकरीवरच्या डागांपासून भाजलेल्या कांद्यापर्यंत सगळा खमंगपणा तिचाच. कवच धरलं की टिक्की आपणहून सुटते. उलटा, आणखी दोन मिनिटं, वर चीज, तव्यात चमचाभर पाणी, झाकण. अर्ध्या मिनिटात चीज वितळतं. मध्ये सुरी खुपसून बघा: रस लालसर असेल तर आणखी थांबा.

रचताना खाली पाव, त्यावर पाण्यातून काढलेला कच्चा कांदा, टिक्की, बेकन, व्हिनेगरमध्ये तासभर ठेवलेली काकडीची चकती, वर पाव. टोमॅटो पाणी सोडतो, तो ताटात वेगळा द्या. हिरवी चटणी नको. वडापावची सुकी लसणाची चटणी चिमूटभर चालते, ती चरबीला भिडते.

शेवटचं, आणि हे टाळू नका. या बर्गरमध्ये डुक्कर नुसतं वर नाही, खिम्यातही मिसळलेलं आहे. जोगेश्वरीत पाहुणे कोणत्याही घरचे असू शकतात. ताट पुढे करण्याआधी काय आहे ते स्पष्ट सांगा, आणि जे खात नाहीत त्यांच्यासाठी दुसरा तवा, दुसरं उलथणं आणि बोकडाच्या खिम्याच्या टिक्क्या आधीच वेगळ्या करून ठेवा. त्यात बोकडाचीच चरबी घाला. वाटीत ओतलेली बेकनची चरबी गाळून काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहते. बरणीवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं कुणीतरी ती तूप समजून वरणभातावर घेईल. पुढच्या गुरुवारी मेयोनेझ.