बढती घ्यावी, की संशोधनाचा वेळ राखावा?

माझा एक जुना विद्यार्थी परदेशातील एका विद्यापीठात गणित शिकवतो. काही महिन्यांपूर्वी त्याचे पत्र आले. त्याला बढती देऊ केली होती. हुद्दा वाढणार होता, पगार वाढणार होता, नोकरीही कायम होणार होती. मात्र आठवड्याला ८ ऐवजी १६ तास शिकवावे लागणार होते आणि संशोधनाची अपेक्षा राहणार नव्हती. त्याने शेवटी लिहिले होते, "सर, होकार दिला तर मी गणिती उरेन का?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास आणि वरच्या दोन्ही पदांसाठी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितले आहे. अशा वेळी संशोधन कसे जमवायचे, हे कोडे अनेकांना पडते. त्यात दोन वेगळ्या भीती मिसळलेल्या असतात. एक वेळेची आणि दुसरी बुद्धी गंजण्याची. दोन्हींचा विचार वेगवेगळा करायला हवा.

आधी वेळेचा हिशेब करू. समजा, नव्या विषयाच्या एका तासाला दोन तास तयारी लागते. १६ तास सगळे वेगळे असतील तर तयारीला ३२ तास, म्हणजे एकूण ४८ तास गेले. आता तोच विषय दोन तुकड्यांना शिकवायचा असेल, तर वेगळे पाठ आठच; तयारी १६ तास आणि एकूण ३२. पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा मिळाला आणि प्रत्येक पाठाला अर्धाच तास तयारी पुरली, तर एकूण २०. शिकवण्याचे तास तिन्ही वेळा १६ च. पण खर्च ४८, ३२ आणि २०! वह्या आणि उत्तरपत्रिका तपासणे यात धरलेलेच नाही. १५० उत्तरपत्रिकांना प्रत्येकी १० मिनिटे धरली तरी २५ तास होतात. म्हणून "किती तास?" यापेक्षा "किती वेगळे विषय, किती विद्यार्थी आणि किती वर्षे तोच विषय?" हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

दुसऱ्या भीतीला उत्तर इतिहासात सापडते. १८५८ साली रिचर्ड डेडेकिंड हा २७ वर्षांचा जर्मन गणिती झुरिकच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक झाला. तिथे कलनशास्त्राची मूलतत्त्वे शिकवण्याची त्याच्यावर पहिल्यांदाच वेळ आली. एखादी राशी सतत वाढत असेल, पण एका मर्यादेपलीकडे जात नसेल, तर ती कोणत्या तरी सीमेकडे जातेच, असे वर्गात सांगावे लागे. हे का खरे? त्याला फळ्यावर रेषा काढून दाखवावी लागे. विद्यार्थ्यांना समजायला चित्र ठीक होते. पण ती सिद्धता नव्हे, ही टोचणी त्याला स्वस्थ बसू देईना.

अडचण काय होती ते पाहू. सर्व परिमेय संख्यांचे, म्हणजे अपूर्णांकात लिहिता येणाऱ्या संख्यांचे, दोन गट करा. डाव्या गटात शून्य, सर्व ऋण संख्या आणि ज्यांचा वर्ग २ पेक्षा कमी आहे अशा धन संख्या घाला. उजव्या गटात ज्यांचा वर्ग २ पेक्षा जास्त आहे अशा धन संख्या. १.४ चा वर्ग १.९६, १.४१ चा १.९८८१, १.४१४ चा १.९९९३९६, या सगळ्या डावीकडे. १.५, १.४२, १.४१५ उजवीकडे. डाव्या गटात सर्वांत मोठी संख्या नाही आणि उजव्या गटात सर्वांत लहान नाही. कोणतीही परिमेय संख्या सुटलेली नाही, तरीही मध्ये फट आहे. डेडेकिंड म्हणाला, हा छेद हीच एक संख्या माना. तीच २ चे वर्गमूळ. अशा सर्व छेदांनी संख्यारेषेवरच्या फटी भरतात आणि सीमेविषयीचे ते विधान चित्राशिवाय सिद्ध करता येते. त्याला हे सुचले तो दिवस २४ नोव्हेंबर १८५८. प्रसिद्ध मात्र त्याने ते १८७२ साली केले. पहिल्या वर्षाचा पाठ नीट शिकवण्याच्या धडपडीतून गणिताचा एक पाया घातला गेला.

मेंडेलीव्हची गोष्टही अशीच. १८६७ साली तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना देण्याजोगे पुस्तक नव्हते, म्हणून स्वतःच लिहायला बसला. तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. पहिल्या भागात जेमतेम आठ बसली. उरलेली कोणत्या क्रमाने शिकवायची, या प्रश्नावर विचार करता करता १८६९ साली आवर्तसारणी हाती आली.

पण एवढ्यावर "शिकवण्याने संशोधन वाढते" असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. कार्ल वायरश्ट्रास हा थोर गणिती सुमारे १४ वर्षे शाळामास्तर होता. गणिताबरोबर त्याला भूगोल, सुलेखन, इतकेच काय, व्यायामही शिकवावा लागे. गणितावर बोलायला जवळ कोणी नव्हते. शाळेच्या वार्षिकात छापलेल्या त्याच्या लेखाकडे कुणाचे लक्ष गेले नाही. १८५४ साली एका नामांकित नियतकालिकात शोधनिबंध आल्यावर त्याची सुटका झाली. बर्लिनलाही अध्यापनाचा बोजा मोठाच होता. १८६१ च्या डिसेंबरात त्याची प्रकृती कोसळली. पुढे तो खुर्चीत बसून व्याख्यान देई आणि फळ्यावर एखादा विद्यार्थी लिही. तरीही बर्लिनमधली हीच व्याख्याने त्याच्या विचारांच्या प्रसाराचे मुख्य साधन ठरली.

फरक कशात आहे? डेडेकिंड आणि मेंडेलीव्ह स्वतःच्याच विषयाचा पाया शिकवत होते. वायरश्ट्रासचे शाळेतले बरेच तास त्याच्या विषयाबाहेर गेले आणि चर्चेला सोबती नव्हते. बुद्धी शिकवण्याने गंजत नाही. ती एकटेपणाने आणि थकव्याने गंजते.

मी विद्यार्थ्याला लिहिले: तीन गोष्टी लेखी मागून घे. तोच विषय किमान तीन वर्षे मिळावा, तपासणीला साहाय्यक असावा आणि विभागाच्या चर्चासत्रात तुझी जागा कायम राहावी. यांतल्या दोन मिळाल्या तर होकार दे. एकही न मिळाली तर पगाराकडे पाहू नकोस. त्याला पहिली आणि तिसरी मिळाली. साहाय्यक मिळाला नाही. त्याने होकार दिला आहे. यंदा शोधनिबंध होणार नाही, हे त्याने आधीच मान्य केले आहे, आणि ते सोपे नव्हते.

आपल्या शाळांत गंमत उलटी आहे. इथे बढती मिळाली की पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक व्हायचे, आणि वर्ग कमी होत जातो. तेव्हाही हिशेब हाच करावा: हुद्द्याबरोबर कोणते काम वाढेल, कोणते सुटेल, आणि सुटणाऱ्या कामातला निदान एक तास आपल्याकडे ठेवता येईल का?