गाडीखालचा तेलाचा डाग

व्यापारी माणूस गल्ल्यातल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवतो. परंतु दारात उभ्या गाडीखाली थेंब थेंब सांडणाऱ्या तेलाचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. आम्हीही ठेवला नव्हता. त्याची किंमत मोजल्यावर जे शिकलो, ते व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

आमचा धंदा कापडाचा. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा या मार्गाने सांगली आणि तेथून विटा किंवा इचलकरंजी, अशी आमची नेहमीची फेरी. वाहन जुनी मारुती ओम्नी. ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्यामुळे गळालेले तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडले की धूर थेट आत येतो. एकदा पांढऱ्या पॉपलीनच्या गाठी आणल्या आणि दोन दिवसांनी गिऱ्हाइकाने माल परत केला. कापडाला जळक्या तेलाचा वास होता.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने बाहेरून सिलिकॉन पेस्ट फासून दिली. पंधरा दिवसांनी कराडच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला. हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब गेला हे सांगतो. म्हणजे तो लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. दिवा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणणाऱ्याचे इंजिन जाम होते. नशिबाने आम्ही थांबलो.

पुढे सांगलीतल्या एका वयस्क मिस्त्रींनी आम्हाला खरी गोष्ट सांगितली, "शेठ, तेल जिथं दिसतं तिथून गळत नाही. ते वरून येतं, आणि वारा त्याला मागं ढकलतो." त्यांनी थंड इंजिन रॉकेल व ब्रशने धुतले, पुसून कोरडे केले, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि दहा मिनिटे इंजिन चालवले. पावडर जिथे प्रथम भिजली, तिथे गळतीचे मूळ. आधीच्या गॅरेजात मागचे क्रँक सील गेले असून गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगितले होते. प्रत्यक्षात वरच्या टॅपेट कव्हरचे गॅस्केट कडक झाले होते आणि तेच तेल इंजिनाच्या मागून खाली ओघळत होते. थोडक्या पैशांत काम झाले.

मिस्त्रींनी आणखी एक नळी काढून दाखवली. ती ब्रीदरची होती आणि काजळीने बुजली होती. इंजिनातल्या वाफेला वाट मिळाली नाही, की आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. म्हणून सील बदलण्यापूर्वी ही नळी साफ करावी. नाही तर नवे सीलही गळू लागते. नळी साफ असूनही तेल भरण्याच्या तोंडातून जोराने धूर येत असेल, तर मात्र रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा.

गळती कोठे आहे यावर घाई ठरते. चेंबरच्या खालच्या बोल्टाचा वॉशर ऑइल बदलताना नवा घालता येतो. पुढच्या सीलचे तेल टायमिंग बेल्टवर जात असेल, तर दुरुस्ती पुढे ढकलू नये, कारण तेलाने बेल्ट खराब होऊन तुटतो. मागचे क्रँक सील खरोखर गेले असेल, तर तेल क्लचवर जाऊन क्लच घसरू लागतो. गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर क्लच प्लेटही त्याच वेळी पाहून घ्यावी, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. गॅस्केट गळते म्हणून नट अधिक आवळू नयेत; कव्हर वाकते. पेस्टही सढळ हाताने लावू नये. तिचे तुकडे आत पडून तेलाची जाळी बुजवतात.

आता हिशेब. आमच्या गाडीतून एका फेरीत पाव लिटर तेल जात होते. चार फेऱ्यांत एक लिटर, आणि या लहान इंजिनात एकूण तेल सुमारे तीन लिटर. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी, गाडी सपाट जागी उभी करून, थंड इंजिनात पट्टी पाहावी. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवावा. सकाळचा डाग म्हणजे गाडीची रोजकीर्द.

अलीकडे आम्ही ही गाडी विकायला काढली. तोपर्यंत मागचे सील झिरपू लागले होते. आठवडी बाजारात तयार कपडे विकणारा एक तरुण पाहायला आला. ओळखीच्या एकाने हळूच सांगितले, "चाचा, इंजिन धुऊन ठेवा. चार दिवस थेंब दिसणार नाही." क्षणभर मोह झाला, हे कबूल करतो. पण थानाच्या आतल्या घडीत डाग असेल, तर ती घडी आम्ही गिऱ्हाइकासमोर स्वतः उघडतो. मग गाडी का झाकावी? आम्ही त्या तरुणासमोर रात्रीचा पुठ्ठा ठेवला. त्याने मिस्त्रीला विचारून दुरुस्तीची रक्कम किमतीतून कमी केली आणि गाडी नेली.

त्या सौद्यात आम्हाला चार पैसे कमी मिळाले. परंतु तो तरुण आज आमच्याकडून कापड उधार नेतो आणि ठरल्या दिवशी पैसे आणून देतो.