पंख्याआधी जाळी

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लागणारी वाहनांची रांग ही जुन्या गाडीची खरी परीक्षा असते. ऊन कडक, चढ सलग आणि वेग पायी चालणाऱ्याचा. पद्मिनी असो वा अँबॅसिडर, तापमानाचा काटा वर सरकायला लागतो आणि चालक एक नजर रस्त्यावर, एक काट्यावर ठेवून गाडी रेटतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलं तरी तेच. मग ही गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात येते आणि मालक सांगतो, ‘मिस्त्री, इलेक्ट्रिक फॅन बसवून टाका.’

मागणी रास्त आहे. या जुन्या गाड्यांमध्ये रेडिएटरचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला असतो आणि इंजिनच फॅन बेल्टनं त्याला फिरवतं. म्हणजे इंजिनची जी गती, त्याच प्रमाणात पंख्याची. रांगेत इंजिन 800 फेऱ्यांवर घुटमळत असतं, तेव्हा वाऱ्याची सर्वाधिक गरज असते आणि पंखा सर्वांत आळशी असतो. हायवेला समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, तेव्हा मात्र तो 4000 फेऱ्यांनी गरगरत राहतो. पंख्याला लागणारी ताकद गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गती पाचपट झाली तर ताकद सव्वाशेपट. पद्मिनीचं 1089 सीसीचं लहानसं इंजिन आपली थोडी ताकद का होईना, विनाकारण खर्च करतं.

विजेवरचा पंखा हा उलटा हिशेब सुलटा करतो. इंजिन कितीही मंद फिरो, त्याची गती ठरलेली, आणि गरज नसेल तेव्हा तो बंद. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती पडली, तिच्यात हाच पंखा होता. त्या गाडीचं इंजिन आडवं, पुली चाकाच्या बाजूला. बेल्टनं रेडिएटरसमोर पंखा फिरवायला सोयच नव्हती. आज जुन्या गाडीसाठी पंखा शोधताना मारुतीचाच पंखा आधी हातात येतो. आटोपशीर आहे, सुटे भाग सहज मिळतात.

तरीही पंखा विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: गाडी तापते कधी? रांगेत, सिग्नलला, सावकाश चढताना तापत असेल तर वारा कमी पडतोय आणि पंख्याचा उपयोग होईल. कागलच्या मोकळ्या रस्त्यावर सत्तरच्या वेगानं जाताना तापत असेल, तर वारा भरपूर आहे, दोष आत कुठेतरी आहे. तिथे कितीही मोठा पंखा लावा, पैसे वाया. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतल्यानं रेडिएटरच्या नळ्यांमध्ये क्षार साचलेले असतात, जाळीच्या पात्यांत चिखल आणि किडे बसलेले असतात. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी उकलून, नळ्यांत सळी घालून साफ करणारे आणि पुन्हा डाग देऊन जोडणारे कारागीर अजून आहेत. पंख्याआधी त्यांच्याकडे जावं, असं माझं ठाम मत आहे.

तितकीच दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचं झाकण. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर आहे, इथे उघडं पाणी साधारण 98 अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. 13 पौंडांचं झाकण हा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर नेतं. स्प्रिंग मेली की ही सगळी सवलत गेली, आणि आणखी वर घाटमाथ्याकडे गेलं की परिस्थिती अजून कठीण. कूलंट घातलं तर उकळणं लांबतं आणि गंजही आवरतो.

आता पंख्याची निवड. रेडिएटरमागे बसून हवा ओढणारा पंखा समोर बसून ढकलणाऱ्यापेक्षा चांगला, कारण पुढचा पंखा बंद असताना स्वतःच वाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. पण मागे जागा हवी. वॉटर पंपाच्या पुलीपासून जाळीपर्यंतचं अंतर मोजल्याशिवाय पंखा घेऊ नये. मोटरची जाडी धरून इंजिनाच्या हलण्यालाही मोकळीक ठेवावी लागते. जागाच नसेल तर पुढचा पंखा पत्करावा, मात्र त्याची पाती त्या दिशेची हवीत. नुसत्या वायरी उलट जोडून पंखा उलटा फिरतो खरा, पण वाकडी पाती उलट दिशेला नीट हवा फेकत नाहीत. काही जुन्या गाड्यांत अर्थिंग पॉझिटिव्हचं असतं, तिथे हा घोळ हमखास होतो. पंखा सुरू करून जाळीवर कागदाचा कपटा धरला की हवा कुठून कुठे जाते ते लगेच कळतं.

पंख्याभोवतीचं कव्हर अनेकजण काढून टाकतात. ते पंख्याइतकंच महत्त्वाचं. त्याच्याविना गोल पंखा फक्त आपल्यासमोरचा गोल तुकडा थंड करतो, कोपऱ्यांतल्या नळ्या तशाच तापतात. कव्हर जाळीला चिकटलेलंही नको; दोन-तीन सेंटिमीटर अंतर असलं की हवा सगळ्या जाळीतून गोळा होते. प्लॅस्टिकच्या पिना जाळीत आरपार घुसवून पंखा अडकवायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. कंपनांनी त्या नळ्यांना घासत राहतात आणि काही महिन्यांत गळती. रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांना पत्र्याचे ब्रॅकेट आणि रबरी बुश, एवढंच योग्य.

खरी गडबड विजेत होते. 120 वॉटचा पंखा 12 व्होल्टला 10 अँपियर घेतो, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. रात्री पावसात हेडलाइट आणखी 10, वायपर, इग्निशन वेगळे. लुकासचा जुना सी-40 डायनॅमो जेमतेम 22 अँपियर देतो आणि इंजिन घुटमळत असताना जवळपास काहीच देत नाही. म्हणजे पंख्याची गरज असते नेमकी तेव्हाच वीज नसते, सगळा भार बॅटरीवर. डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर, मग पंखा. हा खर्च टाळणाऱ्याची गाडी थंड राहील, पण सकाळी स्टार्ट होणार नाही.

पंख्याचा प्रवाह कधीही थर्मोस्विचमधून, म्हणजे ठरावीक तापमानाला पंखा चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, किंवा डॅशच्या बटनातून नेऊ नये. त्यासाठी रिले हवा. बॅटरीपासून 30 अँपियरचा फ्यूज, तिथून जाड, 4 चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या 30 क्रमांकाला. 87 वरून पंख्याला. 85 आणि 86 वर इग्निशन व थर्मोस्विच. फ्यूज बॅटरीच्या जवळ, म्हणजे वायर कुठे घासली तरी आग लागणार नाही. चांगला वायरमन डॅशखाली एक स्वतंत्र बटनही देतो. घाट सुरू होण्याआधी पंखा हातानं चालू करता येतो.

थर्मोस्विचचं तापमान थर्मोस्टॅटशी जुळलं पाहिजे. थर्मोस्टॅट 82 अंशांना उघडायला लागत असेल तर 92 ला चालू, 87 ला बंद होणारा स्विच बरोबर बसतो. 82 लाच पंखा सुरू झाला तर तो दिवसभर फिरतच राहील. ‘वॉल आपल्या हवेत लागत नाही’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय अजून गेलेली नाही. मग हिवाळ्यात इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि स्विचला खरं तापमान कळत नाही.

स्विच बसवायला जुन्या टाकीत आटे नसतात. अशा वेळी कोल्हापूरचं बळ दिसतं. छत्रपती शाहू महाराजांनी 1906 मध्ये शाहू मिल उभी केली. नंतर ऊस, गुऱ्हाळं, ऑइल इंजिनं, फौंड्र्या यांच्याभोवती इथली यंत्रविद्या वाढली. लेथवाला पितळेचा बॉस काढून त्यात आटे पाडतो, रेडिएटरवाला तो टाकीला डाग देऊन बसवतो, वायरमन स्विच जोडतो. मोठ्या शहरात ज्यासाठी तयार किट मागवावं लागतं ते इथे हाताने घडतं.

छत्रपती राजाराम महाराजांसाठी जर्मनीत बनलेली मेबॅक आजही दसऱ्याला शाही थाटात दसरा चौकात येते. मिरवणुकीच्या त्या संथ वेगातही अशा गाडीचं मूळ रूप जपायचं असतं. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 पासून केंद्राचे वेगळे नोंदणीनियम आहेत. म्हणून जुन्या गाडीला पंखा लावताना नवं भोक पाडू नये, काही कापू नये. मूळ पंखा काढला की त्याचे लांब बोल्ट परत वापरायचे नाहीत, ते पुलीत जास्त आत जाऊन अडतात. आखूड बोल्ट घालावेत. काढलेला पंखा आणि ते लांब बोल्ट एकत्र बांधून, गाडीचा नंबर लिहून ठेवावेत.

चाचणी दुपारी घ्यावी. उन्हात गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावं, पंखा कोणत्या अंशाला लागतो आणि किती वेळानं थांबतो ते पाहावं. थांबलाच नाही तर एकतर पंखा लहान आहे किंवा जाळी अजून तुंबलेली. हे ठीक निघालं की जोतिबाच्या चढावर न्यावी, आणि वर पोचल्यावर रिले, फ्यूजची टोकं आणि पंख्याचा कनेक्टर हातानं चाचपावेत. जो जोड चटका देतो, तिथे वायर बारीक आहे किंवा क्रिम्प सैल. खाली उतरण्याआधी तोच दुरुस्त करायचा.