चष्म्याचा नंबर आणि लेझरचे ऑपरेशन

वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल... हार्बर लाइनच्या कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडा, चष्म्यापासून सुटका देणारी एखादी पाटी दिसतेच. पाटीवर हसरी मुलगी असते. ऑपरेशनमध्ये नेमके काय होते ते नसते. मी बारा वर्षांची असल्यापासून मायनस नंबरचा चष्मा लावत आले, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लेझर करून घेतले. तेव्हापासून शाळेतल्या सहकारी आणि मुलींच्या अम्मी सारख्या विचारतात, म्हणून हे लिहीत आहे.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही ‘लेझर’ म्हणतात. मोतीबिंदूत डोळ्याच्या आतले गढूळ भिंग काढून नवे बसवतात, आणि ते फोडण्याचे काम बहुधा ध्वनिलहरी करतात. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर देतात तो लेझरही वेगळा. नंबर घालवणारा लेझर काम करतो कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याचा वरचा पातळ पापुद्रा उचलून खालचा भाग लेझरने हवा तेवढा घडवायचा आणि पापुद्रा परत जागेवर ठेवायचा. टाका लागत नाही.

या लेझरमागे आपल्या मद्रासेत जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आहेत. 1981 साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर एक्झायमर लेझर मारून पाहिला. आजूबाजूचा भाग न जळता स्वच्छ खाच पडली. पुढे 1989 मध्ये पापुद्रा उचलून लेझर देण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले ते शिराझमध्ये जन्मलेले डॉक्टर घुलाम पेमन यांना.

खरी महत्त्वाची असते ती तपासणी. वय अठराच्या पुढे हवे, नंबर किमान वर्षभर स्थिर हवा, कॉर्निया पुरेसा जाड आणि नीट आकाराचा हवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबायचे असते. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर मापे चुकतात. माझ्या भाचीचे रिश्ते बघणे सुरू झाले तेव्हा घरच्यांनी आधी चष्मा काढायचे ठरवले. तपासणीत कॉर्निया पातळ निघाला, डॉक्टरांनी साफ नकार दिला. खालाजान म्हणाल्या, दुसरीकडे दाखवू, कोणीतरी करेलच. हेच मला धोक्याचे वाटते. पातळ कॉर्नियावर लेझर दिला तर तो पुढे फुगत जाऊन नजर कायमची बिघडू शकते. चष्म्यावरून अडणारा रिश्ता गेलेला बरा. भाची अजून चष्मा लावते आणि एम.एस्सी. करते आहे.

मुलगा रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचे म्हणत असेल तर त्याला लेझर करू देऊ नका. त्या पदाला असे ऑपरेशन झालेला उमेदवार चालत नाही. मेडिक्लेमवर विसंबून असाल तर पॉलिसी वाचा. नंबर साडेसातपेक्षा कमी असेल तर हा खर्च साधारणपणे मिळत नाही.

ऑपरेशनच्या वेळी पूर्ण जागे असतो. थेंबांनी डोळा बधिर करतात, पापण्या मिटू नयेत म्हणून क्लिप लावतात. एक कडी डोळ्यावर दाबतात तेव्हा काही सेकंद काळोख होतो. तेवढे मला जड गेले. मग समोरच्या दिव्याकडे बघत राहायचे. केस जळल्यासारखा वास येतो, टक् टक् आवाज येतो, आणि एका डोळ्याचा लेझर मिनिटभरातच संपतो. घरी आल्यावर चार-पाच तास कांदा चिरल्यासारखे पाणी वाहत होते. सकाळी उठले तर भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसले. अल्हम्दुलिल्लाह.

पण बरे होणे त्या सकाळी संपत नाही. डोळा चोळायचा नाही, झोपताना प्लॅस्टिकची झापड लावायची, थेंब वेळेवर घालायचे. सुरमा, काजळ काही आठवडे बंद. आठवडाभर डोळ्यात नळाचे पाणी जाऊ द्यायचे नाही, असे मला सांगितले होते. वुजूत चेहरा धुणे फर्ज. आजाऱ्याला सवलत आहे, पण हनफी आणि शाफई घरांत तिचा तपशील वेगळा. आपल्या इमामसाहेबांना ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा. थेंबांनी रोजा तुटत नाही, हे दोन्हीकडे मान्य आहे.

मला सर्वांत जास्त छळले कोरडेपणाने. सायन-पनवेल हायवेच्या धुळीत तो आणखी जाणवे. तीन महिने अश्रूंसारखे थेंब पर्समध्ये असायचे. रात्री पाम बीच रोडच्या दिव्यांभोवती वलये दिसत, ती हळूहळू विरली.

चाळिशीतल्यांना एक गोष्ट आधीच सांगते. लेझर लांबचे दाखवतो, वयाने गेलेले जवळचे परत आणत नाही. वर्गाच्या शेवटच्या बाकावर कोण बोलते ते मला आता चष्म्याशिवाय दिसते. उर्दूच्या वह्या तपासताना मात्र बेचा एक नुक्ता की पेचे तीन, हे बघायला प्लस एकचा चष्मा टेबलावर ठेवावा लागतो.