दूरस्थ ख्रिस्ती उच्च शिक्षण : पदवीचा अधिकार, अधिस्वीकृती आणि गुणवत्ता

प्रस्तावना :

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचे दूरस्थ शिक्षण देणाऱ्या संस्थांच्या माहितीपत्रकांत 'मान्यताप्राप्त' हा शब्द हमखास आढळतो. या एका शब्दात तीन निरनिराळे अर्थ मिसळलेले असतात. पदवी प्रदान करण्याचा कायदेशीर अधिकार हा पहिला, समव्यावसायिक संस्थांनी पडताळलेला शैक्षणिक दर्जा हा दुसरा आणि पदवीधराला सेवेसाठी स्वीकारणाऱ्या चर्चचा विश्वास हा तिसरा. निवासी सेमिनरीत हे तिन्ही बहुधा एकत्र नांदतात. दूरस्थ शिक्षणात मात्र ते एकमेकांपासून सुटे होतात आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ता लागत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकेतील व्यवस्थेच्या आधारे आणि नंतर भारतीय संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

टपालापासून संगणकापर्यंत :

शिकागो येथील मूडी बायबल इन्स्टिट्यूटने १९०१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू केला. व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठाने १९८५ मध्ये व्हिडिओ कॅसेटद्वारे अभ्यासक्रम घरोघरी पाठविण्यास प्रारंभ केला. साधन बदलत गेले, हेतू तोच राहिला.

या इतिहासातील सर्वांत विचारप्रवर्तक प्रयोग मात्र ग्वाटेमालामध्ये झाला. तेथील प्रेस्बिटेरियन सेमिनरीत शिकण्यासाठी राजधानीत आलेले तरुण पुन्हा खेड्याकडे फारसे परतत नसत. प्रत्यक्ष मंडळ्या चालविणारे होते ते संसारी, प्रौढ शेतकरी. शेत व कुटुंब सोडून तीन वर्षे वसतिगृहात राहणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा १९६३ च्या सुमारास राल्फ विंटर, जेम्स एमरी व पुढे रॉस किन्सलर यांनी सेमिनरीच विद्यार्थ्यांकडे नेली. स्वयंअध्ययनाची पाठ्यपुस्तके आणि ठराविक दिवशी शिक्षकासह होणारी स्थानिक बैठक, असे तिचे स्वरूप होते. 'विस्ताराद्वारे ईश्वरविज्ञान शिक्षण' या नावाने ही पद्धती अनेक देशांत पसरली. भारतात १९७१ मध्ये बंगळूर येथे याच कार्यासाठी 'टॅफ्टी' ही संस्था उभी राहिली. गुणवत्तेची रूढ मापे, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांची संख्या, वसतिगृह, पूर्णवेळ अध्यापक, या शिक्षणाला लावली तर ते नापास ठरते. पण ज्यासाठी सेमिनरी असते तो उद्देश ते अधिक चांगल्या रीतीने साधत होते. मग माप चुकीचे की शिक्षण, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

अमेरिकेतील अधिस्वीकृतीची घडण :

अमेरिकेत विद्यापीठांच्या दर्जाची तपासणी केंद्र सरकार स्वतः करीत नाही. ते काम स्वायत्त अधिस्वीकृती संस्था करतात. संघीय शिक्षण विभाग त्या संस्थांना मान्यता देतो आणि १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यान्वये मिळणारे विद्यार्थी-अर्थसाहाय्य अशा अधिस्वीकृतीशी जोडलेले आहे. म्हणजे अधिस्वीकृती कागदोपत्री ऐच्छिक, पण आर्थिकदृष्ट्या जवळजवळ अटळ! ख्रिस्ती संस्थांपुढे तिचे अनेक मार्ग आहेत. सेमिनरींसाठी १९१८ पासूनची असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स (एटीएस), बायबल महाविद्यालयांसाठी १९४७ मध्ये स्थापन झालेली व आज एबीएचई म्हणून ओळखली जाणारी संस्था, इव्हॅंजेलिकल संस्थांसाठी १९७९ ची ट्रॅक्स आणि केवळ दूरशिक्षणासाठी १९२६ मध्ये नॅशनल होम स्टडी कौन्सिल म्हणून जन्मलेली व २०१५ पासून डीईएसी हे नाव धारण केलेली संस्था, ही त्यांतील प्रमुख नावे होत. लिबर्टीसारखे विद्यापीठ तर सर्वसाधारण विद्यापीठांच्या प्रादेशिक अधिस्वीकृतीत १९८० पासून आहे.

पत्रद्वारा शिक्षणाकडे सरकारने सदैव संशयानेच पाहिले. १९९२ मध्ये असा नियम झाला की, ज्या संस्थेचे निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम वा विद्यार्थी पत्रद्वारा असतील तिला अर्थसाहाय्याचा लाभ नाही. २००६ मध्ये दूरसंचार माध्यमांतून दिल्या जाणाऱ्या शिक्षणाला या बंधनातून मोकळीक मिळाली. पत्रद्वारा शिक्षणाला मिळाली नाही. साहजिकच दोहोंतील सीमारेषा कोणती, हा कळीचा मुद्दा बनला. २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत अध्यापक व विद्यार्थी यांच्यातील 'नियमित आणि अर्थपूर्ण' संवादाची व्याख्या अधिक स्पष्ट करण्यात आली. संवादाचा आरंभ अध्यापकाकडून व्हावा, तो आशयाला धरून असावा आणि ठराविक अंतराने घडावा. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व नियमावलीत शिक्षणशास्त्राच्या सर्वाधिक जवळ जाणारी तरतूद हीच होय. इमारतीची रंगरंगोटी पाहुण्या समितीच्या आदल्या आठवड्यात उरकता येते, हे आपणा प्राध्यापकांना कोणी सांगावयास नको; सत्रभराचा संवाद तसा उभा करता येत नाही.

टेक्सासचा निकाल :

धर्मशिक्षणाचा दर्जा ठरविण्याचा अधिकार राज्याला आहे काय, हा प्रश्न टेक्सासमध्ये न्यायालयात गेला. फोर्ट वर्थ येथील टिंडेल या सेमिनरीने राज्याच्या मंडळाचे प्रमाणपत्र न घेता 'सेमिनरी' हे नाव लावले आणि ३४ पदव्या दिल्या, म्हणून तिला १,७३,००० डॉलर दंड ठोठावण्यात आला. ऑगस्ट २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दंड घटनाबाह्य ठरविला. धर्मशिक्षण पुरेसे आहे की नाही, याचे मोजमाप शासनाने करू नये, हा त्या निर्णयाचा गाभा आहे.

धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत आहे. परंतु शासनाने हात आखडता घेतला म्हणजे दर्जा सिद्ध झाला, असे नव्हे. अशी सूट फ्लोरिडासारख्या राज्यांतही आहे. तेथे पदवीच्या नावात धार्मिक स्वरूप दर्शविणारा शब्द घालावा लागतो. 'राज्याच्या कायद्यानुसार पदवी देण्यास पात्र' हे वाक्य माहितीपत्रकात छापले की, परदेशातील वाचक त्याचा अर्थ 'राज्याने तपासलेले' असा घेतो. वास्तविक त्याचा अर्थ 'राज्याने न तपासलेले' असाही असू शकतो. त्यातच काही संस्था आपल्यासाठी आपणच अधिस्वीकृती मंडळ स्थापन करतात. अशा वेळी मंडळाला मान्यता कोणाची, एवढा एक प्रश्न विचारणे पुरेसे असते.

चारित्र्याची घडण दुरून होते काय? :

पाळक घडविणे म्हणजे केवळ ज्ञान देणे नव्हे, या धारणेमुळे एटीएसने पाळकीय पदवीचा सुमारे एकतृतीयांश भाग सेमिनरीच्या आवारातच पूर्ण करण्याची अट दीर्घकाळ ठेवली होती. २०१२ च्या सुधारणेनंतर तिला अपवाद मिळू लागले आणि जून २०२० मध्ये संमत झालेल्या नव्या मानकांनी निवासापेक्षा विद्यार्थ्याच्या अध्ययनाच्या व घडणीच्या पुराव्यावर भर दिला. हा बदल करोनाच्या साथीतून उद्भवला, असे मानण्याचे कारण नाही. त्याची तयारी आधीच सुरू होती. आवारात प्रार्थनेला एकत्र बसणाऱ्यांची घडण होतेच, हे गृहीतक कधी तपासलेच गेले नव्हते. उलट दूरस्थ विद्यार्थी आपल्याच मंडळीत राहून काम करतो. त्याला पाहणारे स्थानिक मार्गदर्शक असतात. प्रश्न एवढाच की, त्या मार्गदर्शकाची निवड, प्रशिक्षण व त्याचा अहवाल यांची जबाबदारी संस्था घेते काय? येथेच अनेक कार्यक्रम लंगडे पडतात.

भारतीय संदर्भ :

आपल्याकडे चित्र उलटे आहे. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार केंद्रीय, प्रांतिक वा राज्य कायद्याने स्थापित विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने विशेष अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. श्रीरामपूर (सेरामपूर, बंगाल) येथील महाविद्यालयाचे स्थान या दृष्टीने वेगळे आहे. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे विल्यम कॅरी व त्यांचे सहकारी यांनी ते १८१८ मध्ये स्थापिले. १८२७ मध्ये त्यास डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला. त्याच्या सिनेटतर्फे ख्रिस्ती अभ्यासाचे बहिःस्थ अभ्यासक्रमही चालविले जातात. याउलट १९७० मध्ये स्थापन झालेल्या एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची अधिस्वीकृती ही दर्जाची ग्वाही आहे. कलम २२ चा अधिकार तीतून निर्माण होत नाही. हा फरक म्हणजे कोणाच्या प्रामाणिकपणावरील शेरा नव्हे. उत्तम शिकविणाऱ्या संस्थेच्या पदवीला कायद्याचे बळ नसू शकते आणि कायद्याचे बळ असलेल्या पदवीमागचे शिक्षण सुमार असू शकते.

चर्चमध्ये सेवा करू इच्छिणाऱ्यास या फरकाने कदाचित काहीच अडणार नाही. मात्र तोच विद्यार्थी पुढे विद्यापीठात एम.ए. वा पीएच.डी.साठी अर्ज करतो, तेव्हा पात्रता विभाग पहिला प्रश्न पदवीच्या कायदेशीर अधिकाराचा विचारतो. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापावयास हवी अशी ही बाब त्याला तेथे, खिडकीशी उभे असताना प्रथमच कळते. आणि तोवर शिक्षणाची तीन-चार वर्षे व घरची पुंजी खर्ची पडलेली असते.