लोकर पारखा, मग टाके घाला



गव्हाणीत मोळी पडते आणि थंडीही पडू लागते, असा आपल्या भागाचा वर्षानुवर्षांचा मेळ आहे. दिवाळी सरली की घराघरांतल्या कपाटांतून दोन सुया, क्रोशाची सुई आणि गेल्या साली अर्धवट राहिलेला स्वेटर बाहेर निघतो. आपल्या माताभगिनींच्या हातात ही कला पूर्वीपासून आहे. दाराला तोरण, देव्हाऱ्याला पडदा, ताटावर रुमाल, लेकीच्या बाळंतविड्यात टोपडे-मोजे, हे सारे घरचे असते. एके काळी रेडिओवर रुमाल होता, मग तो टीव्हीवर आला. आता टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला आणि रुमालाला बसायला जागाच राहिली नाही! म्हणून म्हटलं, यंदा या हातांना दुसरं काम सांगावं.

ते काम आपल्या फडातच आहे. दर हंगामाला बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात. पहाटे तीन-चारला, आपण गोधडीत असतो तेव्हा, बाया-माणसं कोयता घेऊन फडात शिरतात. उसाच्या पानांवरचं दव अंगावर गळत असतं. अंगावरची लेकरं घरी ठेवायला घर नसतं, म्हणून ती बरोबरच येतात आणि बांधावर पाचटाच्या उबेला झोपतात. डोक्याला गुंडाळलेला जुन्या लुगड्याचा तुकडा, एवढाच त्यांचा स्वेटर.

गेल्या हंगामात आम्ही काही जणींनी मिळून वीसेक टोप्या विणल्या आणि टोळ्यांच्या तळावर नेऊन दिल्या. रंगीत टोप्या, वर गोंडे. लेकरं हरखली, आम्हीही हरखलो. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा एका माउलीने तिच्या बाळाची टोपी आणून दाखवली. वरचा गोंडा वितळून त्याचा काळा, खड्यासारखा कडक गोळा झाला होता. टोपी कोपीत दोरीवर वाळत होती आणि चुलीतली ठिणगी उडाली होती. बाळाच्या डोक्यावर नव्हती म्हणून निभावलं. ती बाई म्हणाली, "ताई, टोपी लई चांगली हाय, पण जाळाजवळ पाघळती बघा." रागाने नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. मान आम्हीच खाली घातली. दुकानातून लोकर म्हणून जी आणली होती ती लोकर नव्हतीच, ॲक्रिलिक होतं. चूक दुकानदाराची नव्हे, न पारखता घेणाऱ्या आमची.

बेणं पारखल्याशिवाय आपण सरीत कांडी टाकत नाही. मग बाळाच्या अंगाला लागणारा धागा न पारखता कसा घ्यावा? या लेखाचं सांगणं एवढंच आहे. बाकीची माहिती त्याच्या पोटात येईल.

लोकर कोणती, ॲक्रिलिक कोणतं?

मेंढीच्या अंगावरची ती लोकर. ॲक्रिलिक हा कारखान्यात खनिज तेलापासून बनणारा धागा. तो मऊ, हलका, रंगाला पक्का, धुवायला सोपा आणि लोकरीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. म्हणून बाजारात विणकामासाठी मिळणारा बराच धागा ॲक्रिलिकचाच असतो आणि बोलण्यात त्यालाही आपण लोकरच म्हणतो. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या स्वेटरला तो चालतो, त्यात वावगं काही नाही. पण चुलीजवळ वावरणाऱ्या लेकराला तो चालत नाही. कारण ॲक्रिलिक पेटतं, वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं.

पारख अगदी सोपी आहे. गुंड्याचा चार बोटं धागा तोडा. अंगणात, लेकरांपासून लांब, खाली पाण्याची परात ठेवून धागा चिमट्यात धरा आणि टोकाला काडी लावा.

लोकर सावकाश जळते, आक्रसते, केस जळल्यासारखा वास येतो. ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते. राख बोटांनी चुरली जाते.

सूत वातीसारखं भराभर जळतं, कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ आणि करडी असते.

ॲक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळतं आणि मागे कडक काळा मणी उरतो. तो बोटांनी चुरत नाही. गरम असताना त्याला हात लावू नये.

मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. मणी उरला, तर तो धागा कोपीतल्या लेकरासाठी नाही असंच समजावं.

आपल्या आजोबांच्या घोंगडीची आठवण करा. शेकोटीची ठिणगी पडली तर घोंगडीला भोक पडे, पण भडका उडत नसे. लोकरीचा हा मूळ गुण आहे. दुसरा गुण असा, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. दवात भिजणाऱ्या फडात याहून दुसरं काय हवं? मात्र घोंगडीची दख्खनी लोकर भरड असते, ती बाळाच्या कातडीला टोचते. बाळासाठी मऊ लोकर घ्यावी. ती महाग पडली तर सुती धागा दुहेरी करून विणावा. सूतही पेटतं, हे ध्यानात ठेवावं. पण ते वितळून चिकटत नाही.

हत्यारे घरचीच

सुया घेताना नंबर पाहा. आपल्याकडे चालत आलेले जुने नंबर उलटे आहेत. नंबर मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, १० नंबरची सव्वातीन, १२ नंबरची पावणेतीन. अमेरिकन नंबर याच्या बरोबर उलट वाढतात, म्हणून परदेशी नमुना विणताना नंबरावर न जाता मिलिमीटर पाहावेत. जुन्या सुईवरचा आकडा पुसला असेल तर गावातल्या एखाद्या फिटरकडे व्हर्निअर असतो, त्याला जाडी मोजून द्यायला सांगा. एकदा कळली की सुईला त्या-त्या रंगाचा दोरा बांधून ठेवा.

नव्या सुया नसल्या तरी अडत नाही. वाळलेल्या बांबूची कामटी तासून, पॉलिश पेपरने घासून, खोबरेल तेलाचा हात फिरवला की उत्तम सुई होते. टाके तिच्यावरून घसरत नाहीत, त्यामुळे शिकाऊ मुलींना ती सोपी जाते. सायकलचा स्पोक साधारण २ मिलिमीटरचा असतो. त्याची टोकं गुळगुळीत घासली की मोज्याच्या बारीक विणीला तो चालतो.

गुंडा घरभर पळतो आणि मांजर त्याच्यामागे. तो तांब्यात ठेवा आणि धागा तोंडातून वर घ्या. ओळी मोजायला दोन वाट्या आणि मूठभर हरभरे पुरतात. ओळ झाली की एक हरभरा या वाटीतून त्या वाटीत. मध्येच उठावं लागलं तर टाके मोठ्या सेफ्टी पिनेत ओवून ठेवावेत. शिवणीसाठी पोती शिवायच्या बारीक दाभणाचं टोक दगडावर घासून बोथट करा, म्हणजे धागा चिरत नाही. ही हत्यारं करण्यात घरातल्या पुरुष मंडळींनी हात लावला तर कमीपणा नाही, बरं का!

बाळाची टोपी

नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात हेच प्रमाण सातवा-आठवा हिस्सा असतं. म्हणून उघड्या डोक्यातून बाळाची ऊब फार जाते. जन्मलेलं बाळ कोरडं करून आईच्या अंगाशी धरावं आणि त्याचं डोकं टोपीने झाकावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपल्या सुईणींना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मध्यम जाडीच्या धाग्यासाठी ८ आणि १० नंबरच्या सुया घ्याव्यात. आधी ८ नंबरवर २६ टाके घालून, एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी छोटी पट्टी विणा. तिच्यावर मोजपट्टी ठेवा. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आले तर हात बरोबर आहे. जास्त आले तर वीण घट्ट आहे, जाड सुई घ्या. कमी आले तर बारीक घ्या. ही पट्टी विणायचा कंटाळा करू नये. मापाविना विणलेली टोपी बाळाला नाही, नारळाला बसते.

आता १० नंबरच्या सुईवर ७२ टाके घाला. एक सुलट एक उलट अशा १० ओळींची पट्टी विणा. मग ८ नंबरची सुई घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं सुरुवातीपासून १२ सेंटिमीटर होईपर्यंत विणा. उलट ओळीवर थांबा.

आता माथा. पहिली ओळ: ६ सुलट, २ एकत्र, असं शेवटपर्यंत. ६३ टाके उरतील. पुढची ओळ सगळी उलट. मग ५ सुलट, २ एकत्र; ५४ उरतील. पुन्हा उलट ओळ. याच रीतीने ४, ३, २ आणि १ सुलट घेत, मध्ये एकेक उलट ओळ विणत, टाके १८ वर आणा. एक उलट ओळ झाली की सगळे टाके दोन-दोन एकत्र विणा, ९ उरतील. धागा हातभर ठेवून तोडा, दाभणाने त्या ९ टाक्यांतून ओवून आवळा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घाला.

हे माप पहिल्या तीन महिन्यांचं. वर्षाच्या लेकराला ८८ टाके घाला आणि माथ्याआधी १५ सेंटिमीटर विणा. कमी करायची रीत तीच, शेवटी ११ टाके उरतील.

गोंडा नाही, झालर नाही, गळ्याशी बांधायची नाडी नाही, बटण नाही. दिसायला साधी दिसेल. पण गोंडा ठिणगी धरतो, नाडी गळ्याला बसते आणि बटण तोंडात जातं. शोभेचा सोस आपल्या घरच्या तोरणावर फेडावा.

सात जणींची दुलई

उरलेल्या गुंड्यांचंही सोनं करता येतं. ८ नंबरच्या सुईवर २० टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणा. १० सेंटिमीटरचा चौकोन झाला की टाके बंद करा. एक-दोन टाके कमीजास्त करावे लागतील, पण चौकोन मोजपट्टीवर बरोबर यायला हवा. सात जणींनी सात-सात चौकोन केले की ४९ होतात. ते क्रोशाच्या सुईने मुक्या खांबांनी जोडले की ७० सेंटिमीटरची दुलई तयार. क्रोशाची जाळीदार नक्षी इथे नको, बाळाची इवलीशी बोटं भोकांत अडकतात. धागा मात्र जाळून पारखलेलाच घ्यावा.

असं जोडकाम किती मोठं होऊ शकतं, ते २०१६ साली चेन्नईत दिसलं. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाच्या बायकांनी आपापल्या घरी विणलेले तुकडे जोडून ११ हजार चौरस मीटरहून मोठी दुलई केली. जगातली सर्वांत मोठी म्हणून तिची नोंद झाली. आपल्याला विक्रम करायचा नाही. आपल्या गटात येणाऱ्या टोळ्यांपुरतं झालं तरी पुष्कळ आहे.

देताना सांगायच्या गोष्टी

वस्तू देऊन परत फिरू नये, दोन शब्द सांगावेत. लोकर थंड पाण्यात, रिठ्याच्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने धुवावी. दगडावर आपटली किंवा गरम पाण्यात चोळली तर ती आटते. पिळू नये, फडक्यात दाबून सावलीत पसरावी. चुलीवरच्या दोरीवर काहीच वाळत घालू नये. बाळाची मान किंवा छाती घामेजली तर टोपी काढावी आणि झोपेत दुलई तोंडावर येऊ देऊ नये. आणि त्या माउलीचंही ऐकून घ्यावं. जाळाजवळ काय टिकतं, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आम्हाला ते तिनेच शिकवलं.

तोडणीच्या वेळी खुशालीवरून टोळीशी आपली कुरबूर होते, हे आम्ही नाकारत नाही. तो व्यवहार मोठ्या माणसांचा आहे, तो त्यांनी आपसात मिटवावा. बांधावर झोपलेल्या लेकराने आपल्याकडे काही मागितलेलं नाही. ऊस आपला, पण तो गव्हाणीपर्यंत पोचतो तो त्या लेकराच्या आईने पहाटेची झोप मोडल्यावर.

तेव्हा भगिनींनो, यंदा आपल्या नातवंडासाठी टाके घालाल तेव्हा त्याच मापाचे आणखी एकदा घाला. शेतात तोडणीची चिठ्ठी येईल त्या दिवशी टोळीला पाणी-चहा नेतोच आपण. त्या किटलीबरोबर एक टोपी न्यावी. धागा तेवढा आधी काडी लावून पाहिलेला असावा.